फ्रेंच ड्रेसचं जुनं चित्र मांजरपाटावर उतरवताना

१२ फेब्रुवारी १९४७ला फ्रेंच ड्रेस-डिझायनर ख्रिस्तियाँ डिऑरनं पॅरिसमध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं. उतरते खांदे, बारीक कंबर, प्रचंड घेर. त्या काळातल्या डिझाइन-चित्रांची प्रिंट घेऊन कोल्हापुरातली फॅशनची मुलं शिंप्याकडे जातात आणि ड्रेस चित्रासारखा दिसला नाही की त्या बिचाऱ्यालाच बोलतात.

चित्रातली बाई स्वतःच्या डोक्याच्या नऊ-दहा पट उंच असते, हाडामासाचं माणूस जेमतेम साडेसात पट. वाढीव उंची बहुतेक पायांत घातलेली. म्हणून लांबी पट्टीनं मोजू नका. घेर पोटरीवर नेमका कुठं थांबतो ते बघा. कंबर बारीक दिसते ती आतल्या कॉर्सेटमुळे (कंबर आवळणाऱ्या घट्ट चोळीमुळे) आणि नितंबांवरच्या पॅडिंगमुळे. कंबर आवळण्यापेक्षा पॅड लावा. भरवसा ठेवावा तो शिवणरेषांवर, बटणांच्या संख्येवर आणि पाठीमागची बाजू दाखवणारं छोटं चित्र असेल तर त्यावर. रने ग्रुओची सुंदर चित्रं मात्र भिंतीवरच शोभतात. ती जाहिरातीची, त्यांवरून बेतायला जाऊ नये.

आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर, शिवून बघायचं. इचलकरंजी जवळच आहे, कापडाला तोटा नाही. पण ते धुऊन खळ काढल्याशिवाय वापरू नका. खळीचं कापड फुगून उभं राहतं आणि घेर आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

कंबर २६ इंच, लांबी ३० इंच धरू. पूर्ण गोल घेरासाठी २६ भागिले ६.२८ (पायची दुप्पट), म्हणजे साधारण ४.१ इंच त्रिज्या. ४४ इंच पन्ह्यातून दोन अर्धगोल काढायचे. खालच्या दुमडीसकट ४ मीटर पुरतं. बाजूच्या शिवणीचा अर्धा इंच प्रत्येक सरळ कडेबाहेर सोडा, नाहीतर कंबर २ इंचांनी कमी भरते. मध्यापासून कमरेची शिवण ४.१ इंचांवर, कात्री ३.६वर. कापल्याबरोबर शिवणरेषेवर एक टीप मारून घ्या, कारण ती कड उरेब (धाग्यांना तिरकी) असते आणि हाताळताना ताणते.

सगळ्यात जास्त घोळ दुमडीत होतो. गोल घेरात चार ठिकाणी कापड उरेब पडतं आणि तिथंच ते ओघळतं. निदान २४ तास टांगून ठेवा, मग ड्रेस अंगावर चढवून जमिनीपासून उंची मोजत खूण करा. मांजरपाटावरची ही खूण खऱ्या कापडाला लावू नका. क्रेप जास्त उतरतो, तफेटा कमी; त्यालाही वेगळं टांगावंच लागतं.