टॅपेटचा रविवार
आजची सकाळ गाडीच्या टॅपेटमध्ये गेली, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यातली गॅप जुळवण्यात. आवाज अजिबात येत नव्हता, म्हणूनच तर शंका आली! टकटक करणारा टॅपेट परवडला, निदान सांगून त्रास देतो. गॅप कमी झाली की इंजिन उलट गोड चालतं आणि आत व्हॉल्व्ह नीट बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका धूर बाहेर सोडणारा) आपली बरीचशी उष्णता सीटला, म्हणजे बसायच्या कड्याला, टेकूनच सोडतो. टेकायलाच मिळालं नाही तर जळतो बिचारा.

इंजिन रात्रभर थंड झालेलं. प्लग काढला, क्रँक हाताने फिरवून टायमिंगची खूण जुळवली, फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) घातला तर दोन्हीकडे शिरेचना. छातीत धस्स! मग ट्यूब पेटली. खूण चार स्ट्रोकच्या एका चक्रात दोनदा येते आणि मी एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी थांबलो होतो, जिथे दोन्ही व्हॉल्व्ह जरा उघडे असतात. आणखी एक पूर्ण फेरा दिला, तेव्हा रॉकर हाताला किंचित हलले. (हे माझं दर वेळी होतं.)

माझ्या गाडीला इनटेकची (आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची) गॅप ०.०८ मिमी, ते जागच्या जागी. एक्झॉस्टला ०.१२ हवं, तिथे ०.०८ची पातीही कशीबशी जात होती. स्क्रू फिरवला, लॉकनट आवळला, मोजलं, परत कमी. आवळताना नटाबरोबर स्क्रूही फिरतोच मेला. चौथ्या खेपेला पाती हलकी ओढ देत सरकली.

आता बारीक टिकटिक येतेय. शेजारचे काका म्हणाले, "बिघडवलीस का रे?"