सोलापूरचे सांडपाणी ते कुडल संगम: एका पाहणीचा वृत्तांत

सोलापूर शहराचे सांडपाणी नाल्यांवाटे सीना नदीकडे जाते आणि सीना पुढे दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. पावसाळा सरला आणि धरणातून आवर्तन सुटलेले नसले, की सीनेला स्वतःचे वाहते पाणी फारसे उरत नाही. अशा दिवसांत शहराकडून येणारे पाणी हाच तिच्या प्रवाहाचा मोठा भाग असतो. भरपूर पाण्याच्या नदीत थोडी घाण विरून जाते, येथे मात्र विरण्याइतके पाणीच नसते. म्हणून प्रक्रिया केंद्रापासून संगमापर्यंतची वाट क्रमाने पाहावी, या हेतूने आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस निघालो.

महापालिकेची केंद्रे देगाव, प्रतापनगर आणि कुमठे येथे आहेत. त्यांपैकी देगावचे केंद्र सर्वांत मोठे, म्हणजे दररोज ७५ दशलक्ष लिटर क्षमतेचे आहे. आम्ही मुद्दाम लहान केंद्र निवडले, कारण तेथे सर्व टप्पे एका फेरीत नजरेखाली येतात. परवानगीसाठी महापालिकेकडे आगाऊ लेखी अर्ज करावा आणि त्यात भेटीचा हेतू व येणाऱ्यांची नावे लिहावीत. वेळ सकाळची मागावी, कारण घरोघरची धुणीभांडी आणि स्नाने यांचे पाणी तेव्हा भराने येते व केंद्रावरचा खरा ताण दिसतो.

प्रारंभी जाळ्यांवर प्लास्टिक, चिंध्या आणि केस अडकतात, त्यानंतर संथ प्रवाहात वाळू तळाशी बसते. हे टप्पे लवकर पाहून होतात. थांबावे ते हवेच्या टाकीपाशी. येथे पाण्यात सतत हवा सोडून असंख्य जिवाणू पोसले जातात, ते विरघळलेली सेंद्रिय घाण खातात, आणि हवा सोडणे थांबल्यावर शांत पाण्यात त्यांचेच पुंजके तळाशी बसून वरचे निवळ पाणी वेगळे काढता येते. बसलेल्या गाळाचा बराच भाग पुढच्या पाण्यासाठी राखला जातो, उरलेला वाळवला जातो आणि निवळलेल्या पाण्याचे क्लोरीनने निर्जंतुकीकरण होते. कर्मचाऱ्यांना एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यातील चाचणी दाखवण्याची विनंती अवश्य करावी: अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो, यावरून जिवाणूंचे आरोग्य कळते. आमच्यासमोर तपकिरी थर बसत गेला आणि वर स्वच्छ पाणी उरले, तेव्हा या कामाविषयी मनात खरा आदर दाटून आला.

नदीचा बचाव नेमका येथेच होतो. कच्चे सांडपाणी नदीत गेले, तर हेच घाण खाण्याचे काम नदीतील जिवाणू करतात आणि त्यासाठी पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे मासे गुदमरतात. प्राणवायूची ही मागणी, म्हणजे बीओडी, आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस नमुना ठेवून मोजतात. घरगुती सांडपाण्यात ती साधारणपणे लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांबाहेरील केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला लिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. प्रयोगशाळेची नोंदवही पाहायला मिळाल्यास हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

सोलापूरच्या संदर्भात एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. चादरी आणि टॉवेल यांच्या रंगाईचे पाणी घरगुती गटारात शिरले, तर अनेक रंग जिवाणूंना पचत नाहीत आणि काही रसायने त्यांना मारक ठरतात. रंगाईच्या पाण्यावर उगमापाशीच स्वतंत्र प्रक्रिया झाली पाहिजे. महापालिकेच्या केंद्रावर तो भार टाकणे चुकीचे आहे.

केंद्रात बंद बूट घालावेत, टाक्यांच्या कठड्यावर वाकू नये, आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. लहान मुलांना नेणे टाळावे. पुढे विजयपूर रस्त्याने वडकबाळ येथे सीनेचा पूल लागतो. तेथे पाण्याचा रंग, फेस आणि वास यांची नोंद करून हत्तरसंग कुडलकडे वळावे. स्वतःचे वाहन असल्यास सोयीचे पडते. संगमावरील मंदिरात १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, त्यासाठी वेगळा वेळ राखावा. एप्रिल-मेमध्ये ऊन असह्य असले, तरी नदीची खरी परीक्षा त्याच दिवसांत असते. तेव्हा जाणार असाल तर भल्या पहाटे निघून दोन्ही नद्यांचे पाणी संगमाच्या वरच्या अंगाला वेगवेगळे पाहावे आणि मगच एकत्र प्रवाहाकडे जावे.