दारातच अडकलेली सहल

मराठी मंडळींना जपान दाखवायला नेणं हे माझं काम. पुण्यात शिकलेल्या जपानीचा असा उपयोग झाला. नारा शहरात आमचा क्रम ठरलेला असतो: हरणांना बिस्किटं, तोदाईजीतला महाबुद्ध, मग जेवण. देवळाचं दक्षिण महाद्वार वाटेतच लागतं. तिथं आम्ही फार थांबत नाही, कारण निम्म्या लोकांचं लक्ष हरिण पिशवी ओढतंय का याकडेच असतं.

त्या दिवशी अण्णा मात्र दारातून हलेनात. अण्णा रायगडकडचे, सगळी हयात सुतारकामात गेलेली. सहलीचे पैसे मुलानं भरलेले. बाकीचे फोटो काढून पुढं सरकले, हे जाळीला नाक लावून उभे. आत समोरासमोर दोन द्वारपाल, प्रत्येकी सुमारे 8.4 मीटर उंच, एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं.

"ताई, हे एका ओंडक्याचं काम नव्हे."

"कशावरून?"

"एकसंध असतं तर कधीच उभं तडकलं असतं. गाभा आत राहिला की लाकूड चीर घेतंच."

मग मीही पाठ केलेलं बाजूला ठेवून बोलू लागले. आधीच्या मूर्ती बहुतेक एकाच खोडातून कोरत आणि आतून पोखरत. तुकडे जोडून पोकळ मूर्ती घडवायची पद्धत 11व्या शतकात जोचो या शिल्पकारानं पूर्णत्वाला नेली. ब्योदोइन मंदिरातला त्याचा 1053 सालचा अमिदा बुद्ध आजही आहे. वजन कमी, तडे कमी, आणि एका मूर्तीवर अनेकांचे हात एकाच वेळी चालतात. इथले द्वारपाल हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचे, प्रत्येकात सुमारे 3000 तुकडे. 1180 मध्ये ताइरा घराण्याच्या सैन्यानं लावलेल्या आगीत तोदाईजी जळालं. पुन्हा उभारताना, 1203 मध्ये, उनकेई, काइकेई हे शिल्पकार आणि त्यांच्या साथीदारांनी ही जोडी 69 दिवसांत उभी केली.

"दोन महिने? काहीतरीच!" अण्णा म्हणाले. थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "एकानं दंड, एकानं पोटरी, एकानं वस्त्राच्या चुण्या... होईल. पण मापं आधी पक्की हवीत. मुख्य मिस्त्री पटाशी कमी चालवत असेल आणि ओरडत जास्त."

1988 ते 1993 या काळात दुरुस्तीसाठी या मूर्ती सुट्या केल्या, तेव्हा बेंबीसारख्या काही जागा मागाहून सरकवल्याचं दिसलं. खालून बघणाऱ्याला ठीक वाटावं म्हणून. हे ऐकून अण्णा एवढे खूश झाले, की जणू त्यांचाच मुद्दा कुणीतरी मान्य केला होता. "मखराचं तेच असतं. शिडीवरून सरळ दिसतं, खाली आलं की वाकडं!" मिटलेल्या तोंडाच्या मूर्तीत ठेवलेल्या पोथीत तानकेई आणि जोकाकु या साथीदार शिल्पकारांची नावं सापडली, हे सांगितल्यावर मात्र ते थबकले. "आत? मग लोकांना कळणार कसं?"

एव्हाना एका काकूंचं माहितीपत्रक हरणानं खाल्लं होतं आणि जेवणाची वेळ टळत चालली होती. मी सगळ्यांना पुढं हाकलं. आतला महाबुद्ध बघून अण्णांनी हात जोडले, "हे ओतकाम" असा निकाल दिला आणि खांबांकडे वळले. आजची इमारत 1709 ची. तेवढी मोठी झाडं तेव्हा मिळेनात, म्हणून खांबही तुकडे जोडून, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले आहेत. अण्णांनी ते माझ्या आधी ओळखलं.

बसमध्ये ते शेजारी येऊन बसले. "एकवीरेला दरवर्षी जातो. बाजूच्या कार्ल्याच्या लेण्यात छताला लाकडी कमानी आहेत, कधी नीट बघितल्याच नाहीत."

"दोन हजार वर्षांच्या आहेत त्या," मी म्हटलं. "आणि छत अखंड दगडाचं. त्याला आधाराची गरजच नाही."

"मग लावल्या कशाला?"

आधीचे चैत्य लाकडाचे असत, तीच घडण दगडात उतरली, वगैरे मी सांगू लागले. अण्णांनी मान हलवली.

"छे हो. सुतारांनी मजुरी सोडली नाही."