बॉब विल्सच्या तबकड्या तारखेप्रमाणे लावताना

नोकरीच्या निमित्ताने ओक्लाहोमातल्या टल्सात राहायला आलो. शेजारच्या आजोबांना माझा जुन्या तबकड्यांचा नाद कळला आणि त्यांनी गॅरेजमधली खोकी माझ्यापुढे आणून ठेवली. तबकड्या त्यांच्या वडिलांच्या. वडील तरुणपणी इथल्या केन्स बॉलरूममध्ये नाचायला जायचे आणि पगारातून तबकड्या घ्यायचे. माझ्याकडे काम आलं ते असं: बॉब विल्सचं जेवढं असेल तेवढं क्रमाने लावायचं आणि संगणकावर उतरवून द्यायचं.

बॉब विल्सला इथे ‘वेस्टर्न स्विंग’चा राजा म्हणतात. जन्म ६ मार्च १९०५, टेक्सासातल्या कॉस गावाजवळ. बाप फिडल (गावाकडच्या ढंगाचं व्हायोलिन) वाजवणारा, घरात कापसाची शेती. शेतावर सोबत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांकडून ब्लूज, म्हणजे त्यांचं सुखदुःखाचं गाणं, कानावर पडलं. पुढे टर्की नावाच्या गावात तो न्हाव्याचं काम करायचा आणि रात्री नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा. गावाकडचं फिडल, ब्लूज, जॅझ आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकन चाली, हे सगळं नाचणाऱ्या पायांसाठी एकत्र आलं ते म्हणजे वेस्टर्न स्विंग.

पहिलं काम धुलाईचं. ७८ वेगाच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या लाखेच्या असतात आणि स्पिरिट लागलं की लाख विरघळते. म्हणून कोमट पाणी, थेंबभर भांडी घासायचा साबण, मऊ ब्रश, आणि कागदी लेबल कोरडं ठेवण्याची खटपट. सुईही वेगळी लागते. एलपीची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला घासत जाते आणि नुसती खरखर ऐकवते. ही लाख बहुतेक आपल्याकडूनच जायची. युद्धात पुरवठा आटला तेव्हा, १९४२ मध्ये, अमेरिकन सरकारने तबकड्यांच्या लाखेवर मोठी कपात लादली. बिहार-बंगालच्या जंगलातला कीटक आणि ओक्लाहोमातला नाच यांचा असा संबंध असेल हे मला आधी ठाऊक नव्हतं.

खरी डोकेदुखी क्रमाची. या तबकड्यांवर तारीख छापत नसत. त्यातून कंपन्यांची उलथापालथ. विल्सचं सुरुवातीचं काम व्होकॅलियन लेबलवर निघालं. १९३८ च्या शेवटी सीबीएस या रेडिओ कंपनीने त्यामागची मूळ कंपनी विकत घेतली, १९४० मध्ये व्होकॅलियनच्या जागी ‘ओके’ नावाचं लेबल आलं, आणि युद्धानंतर कोलंबिया. तेच ध्वनिमुद्रण तीन लेबलांवर, तीन वेगळ्या क्रमांकांनी फिरतं. विक्रीच्या क्रमांकावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. उपयोगी पडतो तो मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याचा क्रमांक. तो लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला असतो, आणि टॉर्च तिरका धरला की वाचता येतो. ‘डीएएल’ अशी अक्षरं दिसली की मुद्रण डॅलसच्या मालिकेतलं. तो क्रमांक सांता बार्बराच्या विद्यापीठाने चालवलेल्या ध्वनिमुद्रण-सूचीत टाकला की तारीख मिळते. संध्याकाळी जेवण झालं की मी हेच करायचो. बायको म्हणायची, पूर्वी माणसं पत्रिका बघायची.

ऐकायला मात्र मी सूची पूर्ण झाल्याशिवाय बसलो नाही, आणि याचा फायदा झाला.

१९३२ च्या फेब्रुवारीतली एक तबकडी आजोबांकडे नव्हती, ती मी इंटरनेटवर ऐकली. बँडचं नाव ‘फोर्ट वर्थ डोबॉईज’. विल्स आणि गायक मिल्टन ब्राउन तेव्हा एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीसाठी रेडिओवर वाजवत होते. गिरणीचा कारभारी डब्ल्यू. ली ओडॅनियल, जो पुढे टेक्सासचा गव्हर्नर झाला. (पीठ विकून आणि गाणी लावून राज्यपद मिळतं, हे त्या काळीही चालायचं.) ब्राउन निघून गेला, १९३३ मध्ये विल्सही बाहेर पडला, आणि १९३४ च्या सुरुवातीला टल्साला केव्हीओओ रेडिओवर स्थिरावला. दुपारी रेडिओ, रात्री नाच.

सप्टेंबर १९३५ च्या डॅलसच्या मुद्रणाची गोष्ट इकडचे लोक रंगवून सांगतात. निर्माता आर्ट सॅदर्ली इंग्लंडचा. फिडलच्या बँडमध्ये पितळी वाद्यं कशाला, असा त्याचा आक्षेप. वर विल्स गाण्याच्या मधे ‘आऽहा’ करून ओरडायचा आणि वादकांची नावं घ्यायचा, तेही त्याला नको होतं. विल्सने सामान आवरायची तयारी दाखवली म्हणे, आणि सॅदर्लीने माघार घेतली. गोष्ट किती खरी माहीत नाही, पण ओरडणं तबकडीवर आहे आणि पितळी वाद्यंही आहेत.

हे ओरडणं मला सुरुवातीला नडलं. सूर लागतोय तोच हा मधे बोलतो! पण एकामागून एक ऐकत गेलो तसं जाणवलं की हा माणूस फार गात नाही, एकट्याने फार वाजवतही नाही. गायला टॉमी डंकन आहे. स्टील गिटारला (तारांवर पोलादी पट्टी सरकवून वाजवायची गिटार) लिऑन मॅकऑलिफ आहे, पियानोला अल स्ट्रिक्लिन. मैफलीत गायक तबलजीला जागेवर दाद देतो, तसा विल्स नाव घेऊन पुढचा तुकडा कोणाचा ते ठरवतो. १९३६ च्या ‘स्टील गिटार रॅग’मध्ये तो लिऑनला पुढे करतो आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या पोराचं वाद्य अख्ख्या देशाच्या कानी जातं. विल्सचं वाद्य म्हणजे त्याचा बँड.

‘सॅन अँटोनिओ रोझ’ दोनदा येतं म्हणून तर तारखेचा क्रम हवाच. नोव्हेंबर १९३८ चं मुद्रण शब्दांशिवाय, फिडलवर. १६ एप्रिल १९४० चं शब्दांसकट, सॅक्सोफोन-ट्रम्पेटांच्या भरल्या आवाजात. दोन्ही पाठोपाठ लावली तर दीड वर्षात बँड किती फुगला ते कळतं. सरळ सांगायचं तर मला पहिलं जास्त आवडतं. दुसऱ्यात थोडी सुटाबुटाची ऐट आहे.

मग खिंडार. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार घातला, कोलंबियाशी समझोता १९४४ च्या नोव्हेंबरात झाला. दरम्यान वादक सैन्यात गेले, विल्सही थोडे महिने जाऊन आला आणि कॅलिफोर्नियाला राहिला. १९४५ च्या तबकड्यांत पितळी वाद्यं विरळ, त्यांची जागा विजेच्या गिटारींनी घेतलेली.

आणि याच बँडचा सगळ्यात चांगला ऐवज ७८ च्या तबकड्यांत नाहीच. १९४६-४७ मध्ये टिफनी नावाच्या कंपनीसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात त्यांनी रेडिओ स्टेशनांना पाठवायच्या सोळा इंची तबकड्या भरल्या. दोनशेहून जास्त गाणी. विक्रीच्या तबकडीची तीन मिनिटांची घाई नाही, सॅदर्ली नाही. ज्युनिअर बार्नार्डची गिटार फाटक्या आवाजात भांडल्यासारखी वाजते, टायनी मूर मँडोलिनवर उत्तर देतो, आणि विल्स खूष होऊन ओरडतो. १९८० च्या दशकात याच्या एलपी निघाल्या. आजोबांनी स्वतः घेतल्या होत्या, म्हणून त्या खोक्यात सापडल्या. नव्याने ऐकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, हे माझं मत.

पुढचा, एमजीएम कंपनीच्या तबकड्यांचा काळ मी भराभर उरकला. १९४८ मध्ये डंकन बँड सोडून गेला, तिथे माझं लक्ष उडालं. १९५० चं ‘फेडेड लव्ह’ तेवढं अपवाद. त्याच सुमारास विल्स डॅलसच्या आपल्या नृत्यगृहाच्या कर्जात बुडाला. त्यातून सावरायला त्याने ‘सॅन अँटोनिओ रोझ’चे हक्क विकले.

शेवटची नोंद डिसेंबर १९७३, डॅलस. जुने वादक जमले, विल्स पक्षाघातानंतर चाकाच्या खुर्चीत. पहिल्या दिवशी रात्री त्याला पुन्हा झटका आला आणि दुसऱ्या दिवसाचं मुद्रण त्याच्याविना झालं, कंट्री गायक मर्ल हॅगार्ड सोबतीला होता. १३ मे १९७५ रोजी विल्स गेला. टल्सातच पुरला आहे.

यादी छापून आजोबांना दिली, फाइली पेनड्राइव्हवर. त्यांनी दुसरं खोकं काढलं: मिल्टन ब्राउन. तो १९३६ मध्ये मोटार अपघातात गेला, त्यामुळे मुद्रणाची वर्षं मोजकीच. व्हिक्टरच्या तबकड्या धुवून झाल्या आहेत, डेकाच्या अजून भिजायच्या आहेत.