पाऊस नाही, मग पाणी कुठलं?

काठावरच्या लोकांची नदीशी गट्टी जमवायची, हे माझं नोकरीतलं काम. त्यात सगळ्यात सोपा कार्यक्रम म्हणजे सफाई मोहीम. हातमोजे, पोती, शेवटी फोटो. पण नदीची ओळखच कचऱ्यापासून करून दिली, तर माणूस तिच्याकडे पुन्हा कशाला फिरकेल? म्हणून त्या रविवारी निरोप धाडला तो एवढाच: ‘गुडघाभर पाण्यात उतरायचंय, जुन्या चपला घालून या.’

पुलाच्या वरच्या अंगाला पाणी दगडांवरून खळाळतं. तिथे जाळी धरायची, तिच्यासमोरचे दगड पायाने ढवळायचे आणि जाळीत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये सोडायचं. आधी नुसता गाळच दिसतो. लोक ‘बरं, मग?’ अशा नजरेने बघतात. जरा वेळाने गाळ बसतो आणि त्यातला काडीकचरा चालायला लागतो! मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं: मागे तीन शेपट्या, पोटाच्या कडेने कल्ले सारखे फडफडताहेत. वाळूचे कण चिकटवून केलेली नळी ओढत निघालेली कॅडिस नावाच्या किड्याची अळी. यातल्या बऱ्याच जणांना भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं, एवढं मी सांगितलं. ऐकत कोणीच नव्हतं, सगळी डोकी ट्रेवर.

दुसरा ट्रे पुलाखाली, पावसाळी गटाराच्या तोंडापुढे भरला. त्यात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत होत्या. यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू तुटपुंजा असला तरी तग धरतात.

काठावर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “अहो, पावसाचा थेंब नाही. मग पावसाळी गटारातून पाणी कुठलं येतंय? आणि हा फेस?”

उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण गप्प बसलो. ड्रेनेज विभागातल्या एका अभियंत्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. कुठलं पाणी कुठे जातं हे तपासायचा निरुपद्रवी हिरवा रंग त्यांच्याजवळ होता. समोरच्या इमारतीतले एक काका म्हणाले, “आमच्याकडे टाकून बघा. आमचं सगळं रीतसर आहे.” दोघे वर गेले. वॉशिंग मशीनचं पाणी बाल्कनीत जिथे पडतं, तिथे रंग ओतला. थोड्या वेळात गटाराच्या तोंडातून पोपटी धार आली आणि खाली एकच गलका!

काका धावत खाली आले. मशीन बाल्कनीत हलवलं तेव्हा प्लंबरने जवळ दिसला तो पाइप गाठला होता. तो गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा, म्हणजे थेट नदीत. हा घोळ जगभर आहे. पॅरिसच्या सेन नदीत १९२३ पासून पोहायला बंदी होती. २०२५ च्या जुलैत ती लोकांसाठी खुली झाली, त्याआधी वरच्या अंगाच्या हजारो घरांच्या अशाच चुकलेल्या जोडण्या दुरुस्त कराव्या लागल्या.

आम्ही सामान आवरत होतो, तेवढ्यात काकांनी अभियंत्यांना विचारलं, “रंग उरलाय का? आमच्या वरच्या मजल्यावर तिघांची मशीनं बाल्कनीतच आहेत.”

आणि अभियंत्यांना घेऊन ते पुन्हा जिना चढले.