लाल तांदूळ, इथेनॉल आणि गाळणकागदावरची खळ

मोनॅस्कस पर्प्युरिअस ही बुरशी वाफवलेल्या तांदळावर वाढवली की आठवडा-दीड आठवड्यात दाणा गाभ्यापर्यंत लाल होतो. (तिरुवनंतपुरमच्या संशोधकांनी ती फणसाच्या आठळ्यांवरही वाढवून दाखवली आहे, हे कोकणातल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो.) खरी कसोटी लागते ती इथेनॉल (अल्कोहोल) द्रावक म्हणून वापरून हा रंग बाहेर काढताना.

त्या लालीत एकच द्रव्य नसते. पिवळी, नारिंगी आणि लाल अशी प्रत्येकी दोन, मिळून सहा प्रमुख रंगद्रव्ये त्यात असतात. नारिंगी द्रव्यांचा अमिनो गटाशी संयोग झाला की लाल द्रव्ये तयार होतात. पिवळी व नारिंगी द्रव्ये पाण्याला फारशी दाद देत नाहीत, तर अमिनो आम्लांशी जोडली गेलेली लाल द्रव्ये पाण्यातही उतरतात. शिवाय पाण्याने कोरडा दाणा फुगतो आणि द्रावकाला आत वाट मिळते. म्हणूनच निव्वळ इथेनॉलऐवजी 60 ते 70 टक्के इथेनॉल आणि बाकी पाणी असे मिश्रण पुष्कळदा सरस ठरते.

एका वेळी एकच घटक बदलून पाहण्याची आपली सवय येथे नडते. पाण्याचे प्रमाण आणि तापमान एकत्र वाढवले, तर तांदळातला स्टार्च शिजून त्याची खळ होते, गाळणकागद तुंबतो आणि रंग त्या लगद्यातच अडकतो. इथेनॉल भरपूर असेल, तर तेच तापमान चालून जाते. हा परस्परपरिणाम टिपायचा, तर दोन्ही घटक एकत्र बदलून निकालाचे गणिती चित्र मांडणारी रिस्पॉन्स सरफेससारखी पद्धत हवी.

द्रावक मात्र एकदम ओतू नये. समजा, संपूर्ण द्रावक एकाच वेळी वापरल्यावर 25 टक्के रंग दाण्यात उरत असेल, तर तेवढेच द्रावक दोन समान भागांत वापरल्यास, समतोलाच्या साध्या गणिताने (दर वेळी रंग दाणा आणि द्रावक यांत ठरावीक प्रमाणात वाटला जातो असे धरून), 16 टक्केच उरतो.

राहिला मोजणीचा प्रश्न. 500 ते 510 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची शोषकता (द्रावण तो प्रकाश किती शोषते ते माप) लाल रंगाची मानतात खरी, पण 470 च्या आसपासच्या नारिंगी शिखराचा उतार तिथवर पोहोचतो, त्यामुळे एका आकड्यावर विसंबणे मला पटत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे या बुरशीचे अनेक वाण सिट्रिनिन हे मूत्रपिंडास घातक विषही तयार करतात आणि तेही इथेनॉलमध्ये उतरते. लाल तांदळाच्या पूरक आहारांसाठी युरोपीय संघाने त्याची मर्यादा 2020 मध्ये दर किलोस 2000 वरून 100 मायक्रोग्रॅमवर आणली. तेव्हापासून माझ्या तक्त्यात शोषकतेच्या शेजारचा रकाना सिट्रिनिनचा असतो आणि तो रिकामा असेल, तर त्या ओळीला मी निकाल म्हणत नाही.