रात्री चुकलेलं सकाळी कोण सांगतं? अमेरिकेतली रेडिओलॉजीची रेसिडेन्सी निवडताना

आमच्या घरी दिवाळीनंतर एक खोली कापसाची असते. यंदा त्याच खोलीत बसून मी अमेरिकेतल्या रेडिओलॉजी रेसिडेन्सीचे, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारा डॉक्टर होण्यासाठी हॉस्पिटलात राबून घ्यायच्या तिकडच्या शिक्षणाचे, सात इंटरव्ह्यू दिले. आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यासाठी याहून चांगली जागा नव्हती, तिन्ही भिंतींना छातीपर्यंत कापूस लागलेला त्यामुळे आवाज घुमत नाही, बाहेर ट्रॅक्टर गेला तरी माइकमध्ये येत नाही, फक्त कापसाची खाज सुटते म्हणून कोटाच्या आत पूर्ण बाह्यांचं घालून बसायचं. तिकडं ईस्टर्न टाइमचे सकाळचे आठ म्हणजे नोव्हेंबरात आपले संध्याकाळचे साडेसहा, नेमकी वेचणीच्या बाया मजुरीचा हिशोब करायला दारात यायची वेळ, आणि बाबा ओट्यावर बसून प्रत्येकाला हळू आवाजात सांगायचे, "पोरीची मुलाखत चालू हाये, जरा दमानं."

खूप जणांनी विचारलं की मग परत जावं लागलं का इंटरव्ह्यूला. नाही. कोविडच्या 2020 च्या सीझनपासून हे इंटरव्ह्यू बहुतेक व्हिडिओवरच होतात. मी तिकडं होते ते या इंटरव्ह्यूंच्या आधी तीन महिने, ओहायो राज्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये ऑब्झर्व्हरशिपला. इंटर्नशिप झालेल्या माणसाला तिथं पेशंटला हात लावता येत नाही, नुसतं पाहायचं. मेडिसिनवाल्या मैत्रिणींना याचं फार वाईट वाटायचं पण रेडिओलॉजीत मुळात कामच पाहण्याचं आहे त्यामुळे माझं नुकसान झालं नाही असं मला वाटतं.

आधी थोडं सांगते कारण घरी अजून समजावतेच आहे. आपल्याकडं एक्स-रेला फोटो म्हणतात, आजी म्हणाली, "फोटो तं तो टेक्निशियन पोट्टा बी काढते, त्याच्यासाठी तू अमेरिकेले काऊन चालली वं?" तर फोटो काढणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा. वाचणाऱ्या डॉक्टरचं शिक्षण तिकडं एकूण पाच वर्षांचं, पहिलं वर्ष मेडिसिन किंवा सर्जरीत इंटर्न म्हणून आणि मग चार वर्षं रेडिओलॉजी. बरेच प्रोग्राम, म्हणजे हे शिक्षण देणाऱ्या हॉस्पिटलांच्या रेसिडेन्सी, ॲडव्हान्स्ड असतात म्हणजे ते फक्त नंतरची चार वर्षं देतात आणि पहिलं वर्ष तुम्ही वेगळा अर्ज करून दुसरीकडं शोधायचं, हे मला फार उशिरा नीट कळलं, तुम्ही आधीच बघून घ्या. रेडिओलॉजीची तीन वर्षं झाली की बोर्डाची कोअर एक्झाम. पुढं बहुतेक जण अजून एक वर्ष फेलोशिप, म्हणजे रेडिओलॉजीतल्याच एखाद्या भागाचं खास शिक्षण, करतात.

आता प्रोग्राम कसा निवडायचा. सगळे सांगतात की युनिव्हर्सिटीचं नाव बघ, शहर बघ, फेलोशिप कुठं लागतात ते बघ. मी पण तेच बघत होते. पण माझ्या डोक्यात इंटर्नशिपमधली एक गोष्ट अडकून बसली होती आणि शेवटी मी सगळे प्रोग्राम त्यावरच मोजले.

ग्रामीण पोस्टिंगला होते, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. एक्स-रेचं मशीन होतं, रेडिओलॉजिस्ट नव्हता. साठीच्या एक मावशी आल्या, धुऱ्यावरून घसरून पडलेल्या, मांडीच्या सांध्यात दुखणं, पण लंगडत का होईना चालत आलेल्या. कमरेचा एकच समोरून फोटो काढला होता, मी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि मला काही दिसलं नाही, गोळ्या लिहून दिल्या आणि आराम करा म्हटलं. आठ दिवसांनी त्यांना छोटा हत्तीत बाजेवर टाकून आणलं. खुब्याच्या हाडाची मान मोडून सरकली होती. पहिल्या दिवशी ती चीर जागच्या जागी असणार, आणि अशी चीर समोरच्या एका फोटोत लपते, बाजूनं दुसरा फोटो काढावा लागतो, तरी शंका राहिली तर एमआरआय. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मावशींच्या मुलानं मला एक शब्द वाईट बोलला नाही, उलट "मॅडम आता कुठं न्यायचं ते सांगा" म्हणाला, आणि तेच मला जास्त लागलं.

पण मला खरी भीती नंतर वाटली. त्या आठ दिवसांत माझी पोस्टिंग बदलली असती तर मला हे कधीच कळलं नसतं, मी पुढच्या मावशीचा फोटोही तसाच पाहिला असता. चूक झाली हे सांगणारं कोणी नव्हतं, ती मावशींच्या पायानंच परत आली.

म्हणून इंटरव्ह्यूच्या शेवटी ते विचारतात ना तुमचे काही प्रश्न आहेत का, तिथं मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, रात्री तुमच्या रेसिडेंटचं काही चुकलं तर सकाळी त्याला कोण सांगतं आणि कसं. प्रोग्राम डायरेक्टरला विचारलंच पण त्याहून जास्त रेसिडेंट्सना, इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी त्यांचा एक मोकळा कॉल असतो तेव्हा.

हा प्रश्न का महत्त्वाचा ते तिकडची रात्र कशी चालते ते कळल्याशिवाय समजणार नाही. नियम असा की रेडिओलॉजीचं किमान एक वर्ष झाल्याशिवाय रेसिडेंटला रात्री एकट्यानं जबाबदारी देता येत नाही. त्यानंतर दोन पद्धती आहेत. काही ठिकाणी रात्रभर सिनियर, म्हणजे अटेंडिंग, तिथंच असतात आणि प्रत्येक रिपोर्ट लगेच फायनल करतात. काही ठिकाणी रेसिडेंट एकटा वाचतो, तात्पुरता रिपोर्ट देतो, त्यावर इमर्जन्सीवाले पेशंटला ऑपरेशनला नेतात किंवा घरी सोडतात आणि अटेंडिंग तो रिपोर्ट सकाळी तपासतात. पहिल्यात पेशंट जास्त सुरक्षित वाटतो, दुसऱ्यात रेसिडेंट स्वतः ठरवायला शिकतो, यावर तिकडं दोन्ही बाजूंनी खूप बोललं जातं. मला मात्र असं दिसलं की कुठली पद्धत आहे यापेक्षा सकाळी काय होतं ते बघायला पाहिजे.

एका फार मोठ्या नावाच्या प्रोग्राममध्ये रेसिडेंट म्हणाला, रिपोर्ट बदलला की सिस्टीममध्ये दिसतं, वेळ मिळाला तर मी उघडून बघतो. वेळ मिळाला तर! मी ते वाक्य वहीत तसंच लिहून ठेवलं. दुसऱ्या एका मध्यम आकाराच्या, आपल्याकडं कोणी नावही ऐकलं नसेल अशा प्रोग्राममध्ये तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या महिन्यात पहाटे तीनला तिच्याकडून डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूवरच्या आवरणाखालचा पातळ रक्तस्राव सुटला. सकाळी सातला अटेंडिंगनं आधी इमर्जन्सीला फोन करून पेशंट परत बोलावला, मग तिला शेजारी बसवलं, तोच स्कॅन उघडला, रिपोर्ट झाकून ठेवला आणि म्हणाले परत बघ. तिला दुसऱ्या खेपेला दिसलं. मग खिडकीची सेटिंग बदलून, म्हणजे काळ्यापांढऱ्याची छटा बदलून, दाखवलं की या सेटिंगवर तो पहिल्या खेपेलाच दिसतो. हे सांगताना ती लाजत नव्हती आणि बाकीचे रेसिडेंट मान डोलावत होते, ते मला फार भावलं. दर आठवड्याला अशा सुटलेल्या केसेस नावं न घेता सगळे मिळून बघतात म्हणे.

ओहायोत मी हेच जवळून पाहिलं होतं. अंधारी खोली, प्रत्येकासमोर तीन-तीन स्क्रीन, हातात माइक, बोललं की रिपोर्ट टाइप होतो. रेसिडेंट आणि अटेंडिंग शेजारी बसून केसेस बघतात त्याला रीडआउट म्हणतात. एक मॅडम होत्या, रेसिडेंट नॉर्मल म्हणाला की त्या हो-नाही काही म्हणायच्या नाहीत, फक्त स्कॅनचे चार स्लाइस, म्हणजे काप, मागं जाऊन हात थांबवायच्या. तो बघत बसायचा. कधी कधी पूर्ण मिनिट. मग त्यालाच दिसायचं. म्हणून दुसरी गोष्ट विचारायची ती ही, की रीडआउट खरोखर शेजारी बसून होतं का, का नुसते रिपोर्ट पाठवायचे आणि दुरुस्त होऊन येतात.

बाकीचंही बघाच. ट्रॉमा सेंटर आहे का, लहान मुलांचं हॉस्पिटल जोडलेलं आहे का, फेलो इतके नाहीत ना की चांगल्या केसेस त्यांच्याकडंच जातात. आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा सगळीकडं सारखीच. आपल्यासाठी व्हिसा मात्र मोठा मुद्दा आहे. बरेच प्रोग्राम फक्त जे-वन देतात, त्यात शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परतायचं किंवा तिकडच्या गरजेच्या भागात काम करून सूट मिळवायची, अशी सूट मिळवून देणाऱ्या जागा तिकडच्या कॉनराड योजनेत दर राज्याला वर्षाला 30. एच-वन बी हा दुसरा, नोकरीचा व्हिसा हवा असेल तर स्टेप थ्री, म्हणजे तिकडच्या डॉक्टरकीच्या लायसन्सची तिसरी परीक्षा, आधी पास पाहिजे. दोन वर्षं परतायची अट ऐकून माझी मैत्रीण हळहळली, बाबा मात्र म्हणाले, "हे तं चांगलंच हाये नं." मलाही ती अट ओझं वाटत नाही, मावशींसारखे फोटो इथं रोज निघतात.

आता रँक लिस्टचं, म्हणजे इंटरव्ह्यू झाल्यावर आपण पसंतीच्या क्रमानं लावतो त्या प्रोग्रामच्या यादीचं. प्रोग्रामही अर्जदारांची अशीच यादी लावतात आणि दोन्ही याद्या जुळवून जागा ठरते, त्याला मॅच म्हणतात. खूप जण सांगतात की जिथं लागण्याची शक्यता जास्त ते वर टाक. ऐकू नका. मॅचचं गणित अर्जदाराच्या बाजूनं चालतं, तुम्ही अवघड प्रोग्राम पहिला टाकलात आणि तो नाही लागला तर दुसऱ्याची संधी जराही कमी होत नाही. अशा जुळवणीच्या शास्त्रासाठी शॅप्ली आणि रॉथ यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातल्या रॉथ यांनीच या मॅचची आजची पद्धत बसवली. म्हणजे मनापासून जिथं जायचं तेच वर टाकायचं.

माझ्या यादीत पहिला नंबर त्या रिपोर्ट झाकून ठेवणाऱ्या प्रोग्रामचा आहे. मोठं नाव चौथ्यावर गेलं, कॉलेजच्या ग्रुपवर सांगितलं तर दोघांनी फोन करून समजावलं, पण ते मी हलवणार नाही. निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी. दोन आणि तीनचं अजून ठरत नाही, दोन्हीकडं माझ्या प्रश्नाचं उत्तर फक्त डायरेक्टरनं दिलं होतं, म्हणून परवा दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंट्सना मेल टाकलाय. एकाचं उत्तर काल रात्री आलं, लांबलचक आणि मनापासून लिहिलेलं, दुसऱ्याची वाट बघतेय. कापूस गेल्या आठवड्यात विकला, खोली रिकामी आहे, पण लॅपटॉप अजून तिथंच ठेवलाय.